सातव्या पोर्टची नोंद

सोमवार, १ सप्टेंबर २०२५, दुपारचे चार वाजून बारा मिनिटे. सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठावरील एका कोल्ड स्टोरेजच्या कार्यालयात भिंतीवर बसवलेल्या स्विचने एक ओळ लिहिली: सातव्या पोर्टची जोडणी तुटली. चार वाजून सोळा मिनिटांनी त्याने दुसरी ओळ लिहिली: सातव्या पोर्टची जोडणी पूर्ववत. या दोन ओळींकडे मी त्या दिवशी पाहिलेही नाही.

पाहण्याचे कारण नव्हते. स्विच म्हणजे इमारतीतल्या सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी. कॅमेरे, हिशेबाचे संगणक, शीतखोल्यांतील तापमापक, प्रत्येकाची केबल तिच्या एकेका खोबणीत, म्हणजे पोर्टमध्ये, खोचलेली असते. तिच्यातून दिवसभर जी माहिती वाहते ती ही पेटी वाचत नाही. लिहिते ते स्वतःपुरते: कोणता पोर्ट जोडला गेला, कोणता तुटला, वीज केव्हा गेली, आत कोणी प्रवेश केला. या नोंदींना लॉग म्हणतात. प्रत्येक ओळीपुढे वेळ असते आणि गांभीर्याचा एक अंक असतो, शून्य ते सात. शून्य म्हणजे यंत्र शेवटच्या घटका मोजत आहे. सात म्हणजे तंत्रज्ञाखेरीज कोणाला नको असलेली बडबड. जोडणी तुटल्याच्या ओळीला स्विच तीन अंक देतो, म्हणजे दोष. परंतु कारकुनाने संध्याकाळी आपला संगणक बंद केला तरी तीच ओळ त्याच अंकासह उमटते. रोज संध्याकाळी सहा वाजता येणाऱ्या दोषाची भीती लवकरच जाते.

स्विचची स्मरणशक्ती तोकडी असते. जागा भरली की नव्या ओळीसाठी सर्वांत जुनी ओळ पुसली जाते, आणि वीज गेली तर सगळ्याच जातात. म्हणून प्रत्येक ओळीची एक प्रत नाशिकमधल्या माझ्या खोलीवजा कार्यालयातील सर्व्हरकडे येईल अशी व्यवस्था मी केली होती. स्विच ती प्रत पाठवतो आणि मोकळा होतो. पोहोचली का, हे विचारत नाही. पेटीत टाकलेल्या पोस्टकार्डासारखे.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून मी स्वतःचे काम सुरू केले त्याला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. पिंपळगावपर्यंतच्या रस्त्यावर कोल्ड स्टोरेज कितीतरी आहेत. त्यांतले हे माझे पहिले. त्याच्या मालकाला सारे शेठ म्हणत. कोल्ड स्टोरेजवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीत माझे नाव काढण्याचे त्यांनी कबूल केले होते, आणि ते नाव निघाले की पुढचे दार आपोआप उघडेल असा माझा हिशेब होता.

महिन्याअखेरीस मी सर्व नोंदी एकत्र वाचते. आधीच्या महिन्यांत नजरेआड केलेला सातवा पोर्ट सप्टेंबरच्या नोंदी वाचताना वेगळा दिसू लागला. तो फक्त सोमवारी आणि गुरुवारी तुटत होता, दुपारी चारच्या सुमारास, आणि आपोआप जुळत होता. तुटण्या-जुळण्यातले अंतर मी ओळीने मांडले. पहिल्या सोमवारी चार मिनिटे. मग चार. मग पाच. पुढे सहा, सात, नऊ, बारा, पंधरा. मी एकेक शक्यता खोडत गेले. कॉम्प्रेसरच्या हादऱ्याने केबल सैल होत असेल तर ती रोज व्हायला हवी, कारण कॉम्प्रेसर रोज चालतो. वीज जात असेल तर शेजारचे पोर्टही तुटतील. उंदरांना वार कळत नाहीत. उरला माणूस.

सातव्या पोर्टवर काय आहे ते मला पाठ होते, कारण ती केबल मीच ओढली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरच्या खोलीतला अमोनिया ओळखणारा सेन्सर होता. शीतखोल्या थंड ठेवणारा वायू तोच. थोडा सुटला तर डोळ्यांना पाणी येते, अधिक सुटला तर श्वास कोंडतो, आणि बंद खोलीत बराच सुटला तर दार शोधायला वेळ उरत नाही. सेन्सरला वायू लागला की त्याच्यावरचा लाल दिवा पेटतो, केबलमधून सूचना जाते, भोंगा वाजतो आणि शेठच्या व त्यांच्या मुंबईच्या भागीदाराच्या फोनवर संदेश पोहोचतो. केबल निघालेली असेल तर फक्त दिवा पेटतो.

सोमवारी, २९ सप्टेंबरला, नवी केबल हातात घेऊन मी चारच्या आधी तिथे पोहोचले. कॉम्प्रेसर सांभाळणारे ऑपरेटर चांदवडकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांनी मला पाहिले, मान हलवली, आणि माझ्यादेखत सेन्सरखालची केबल काढून खिळ्याला अडकवली.

“काका, हे काय?”

“ऑइल काढायचं हाय ना ताई. सोमवार-गुरुवार. ऑइलबरुबर गॅस निघतो थोडा. वायर ऱ्हायली की भोंगा वाजतो.”

“वाजू द्या की.”

“मागल्या साली वाजला. समद्या बाया रस्त्यावर. मुंबईवाल्याचा शेठला फोन, आग लागली का काय म्हणून. शेठ म्हनले, येवढ्या वासाला गाव गोळा करायचं व्हय? ऑइल काढताना वायर काढत जा.” मग त्यांच्या काही ध्यानात आले. “म्हंजी तुमाला तिकडं नाशकात कळतं, मी वायर कवा काढली ते?”

“कळतं.”

“मी जेवायला कवा बसतो, ते बी कळत आसंल.”

“नाही, फक्त वायर.”

“बरं हाय. न्हाई तर घरी सांगाल, डबा उरवतो म्हनून.”

त्यांनी यंत्राखालचा व्हॉल्व्ह उघडला. काळे तेल बादलीत पडू लागले आणि त्यामागोमाग तो वास आला, नाकात सुई घातल्यासारखा. लाल दिवा पेटला. व्हॉल्व्ह बंद करून ते दाराशी येऊन उभे राहिले. दिवा विझला की केबल लावायची, हा त्यांचा नेम. दिवा असताना लावली तर भोंगा. मी दाराबाहेर डोळे पुसत उभी होते. दिवा विझत नव्हता.

“पहिल्यांदा किती वेळ लागायचा?”

“बिडी वढून व्हायच्या आत इझायचा. आता व्हॉल्व्ह बसत नाय पयल्यासारखा. लय घासलाय. आवळून आवळून हात भरून येतो.”

“आणि वास?”

“वास काय, मला नाय येत आता येवढा,” ते म्हणाले. “सवय झाली.”

आपले नाक निकामी झाल्याची बातमी ते बढतीच्या सुरात देत होते. केबल पुन्हा लागली तेव्हा एकोणीस मिनिटे झाली होती.

माझे बालपण देवळाली कॅम्पात गेले. वडील तोफखान्यात हवालदार. सरावाच्या दिवसांत ते मला गच्चीवर नेत. लांबच्या टेकड्यांपाशी लखकन उजेड दिसला की मोजायला लावत आणि धडाडा ऐकू आला की थांबवत. आलेल्या सेकंदांना तीनने भागायचे. किलोमीटरमध्ये अंतर मिळते. गोळा दिसत नाही, खड्डा दिसत नाही, आणि तरी तो किती दूर पडला हे सातवीतल्या मुलीला सांगता येते. त्या संध्याकाळी परतताना मला उमगले की स्विचही हेच करत होता. अमोनिया काय असतो हे त्या पेटीला ठाऊक नव्हते. दोन ओळींतले अंतर तेवढे तिने प्रामाणिकपणे लिहिले होते, आणि ते अंतर म्हणजे सुटलेला वायू विरायला लागणारा वेळ होता. फक्त देवळालीत अंतर वाढले की धोका लांब असे. इथे उलट होते.

दुसऱ्या दिवशी मी शेठपुढे आलेख ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला; ते मूर्ख नव्हते.

“हा आलेख कशाचा?”

“केबल किती वेळ बाहेर असते, त्याचा.”

“मग वायरीचा आहे. अमोनियाचा कुठे आहे?”

मी समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

“व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे सगळा गॅस खेचून घ्यायचा, यंत्रं बंद ठेवायची. दिवाळीचा बेदाणा भरलाय मॅडम. गरम झाला तर काळा पडेल, मग कोण खाईल, तुम्ही? पाडवा होऊ द्या, बघू.”

“पाडव्याला अजून तीन आठवडे आहेत.”

“मला पंचांग कळतं.” ते हसले. “संघटनेत तुमचं नाव काढणार आहे मी. काय म्हणून काढू? नेट बसवणारी मुलगी म्हणून, की स्टोरेज बंद पाडणारी म्हणून?”

बुधवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रे पुजतात आणि ज्यांच्या घरी शस्त्रे नाहीत ते आपापली यंत्रे पुजतात. मलाही बोलावणे होते, कारण माझी पेटीही पूजेत होती. तासाभरासाठी मुख्य वीज बंद केली गेली. इतकी शांतता मी त्या जागी कधी ऐकली नव्हती. नदीकडचे पंप ऐकू येत होते. कॉम्प्रेसर धुऊन पुसून त्याच्यावर हळदीची बोटे उमटवली होती. झेंडूची माळ व्हॉल्व्हवर, माळ स्विचवर, माळ काचेच्या त्या कपाटावर, ज्यात वायूपासून बचावाचा मुखवटा टांगलेला असे. कोणीतरी कपाट उघडून मुखवट्याच्या दोन्ही काचांना कुंकू लावले होते आणि पुन्हा कुलूप घातले होते. मी किल्ली कुठे असते ते विचारले. काका म्हणाले, शेठच्या टेबलात. ती इथेच खिळ्याला असू द्या, असे मी शेठना म्हटले. ते म्हणाले, आज पूजेच्या वस्तूला हात लावू नये, नंतर देतो.

नारळ फुटला, वीज आली. शेठ प्रसाद हातात घेऊन कार्यालयात आले. “दाखवा बरं तुमच्या पेटीचं लिखाण. सगळ्यांना बघू द्या.”

मी स्विचची नोंद पडद्यावर उघडली. सुरू झाल्याच्या चार-दोन ओळी, त्याखाली कोरे. विजेबरोबर त्याची स्मृती गेली होती. वीज गेली की त्याचे घड्याळही पुन्हा हाताने लावावे लागते; ते भलतेच, कुठल्या तरी जुन्या वर्षातला एक जानेवारी दाखवत होते.

“बघा,” शेठ म्हणाले, “एकही तक्रार नाही. पूजा लाभली.”

माणसे हसली. मी म्हटले की वीज तोडल्यामुळे ओळी पुसल्या गेल्या आहेत, त्या सर्वांची प्रत माझ्याकडे आहे. “तुमची प्रत तुमच्यापाशी,” ते शांतपणे म्हणाले. “माझं यंत्र काय म्हणतं ते सगळ्यांनी पाहिलं.” हसणाऱ्यांत काकाही होते. मला राग आला नाही, भीती वाटली. कोरा कागद आणि निर्दोष कागद यांतला फरक त्या खोलीत कोणालाच नको होता.

बाहेर बेदाणा निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण प्रसादाचे खोबरे चावत उभी होती. तिला सगळ्या मावशी म्हणत. तिच्या तीसेक बायका ज्या हॉलमध्ये बसत त्याची आणि कॉम्प्रेसरच्या खोलीची भिंत एक होती. हॉलचे पुढचे दार कॉम्प्रेसरच्या अंगाला; मागचे, नदीकडचे, पोत्यांच्या थप्पीने बंद.

“काय पोरी, डबड्याची दृष्ट काढली का?”

मी तिला सगळे सांगितले, शेठना सांगितले होते त्याहून सोप्या शब्दांत. ती चावायची थांबली.

“म्हणजे भोंगा वाजला तर शेठ वरडणार, आन् न्हाई वाजला तर आम्ही मरनार. बेस हाय.”

“मागचं दार मोकळं करता येईल?”

“पोती काय, आत्ता हलवते. पन आम्हाला कळायचं कसं?”

कळवण्याचे साधन माझ्याकडे होते. सर्व्हरला ओळ वाचून काम करायला शिकवता येते. सातव्या पोर्टची जोडणी तुटल्याची ओळ आली की हॉलच्या मागच्या दाराशी एक साधी घंटी वाजेल, एवढी सोय मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केली. भोंगा मुका केला की त्या मुकेपणाचीच घंटी. मावशीने शेठना सांगितले की बायकांचा चहा आता घंटीवर, नदीकडच्या ओट्यावर होईल. चहाला शेठची हरकत नव्हती.

दसरा गुरुवारी आला. त्या दिवशी यंत्राला कोणी हात लावला नाही, त्यामुळे तेल साठले. सोमवारी, ६ ऑक्टोबरला, घंटी वाजली, बायका बाहेर गेल्या. स्विचचे घड्याळ अजूनही जुन्याच वर्षात होते, पण घड्याळ चुकले तरी दोन ओळींतले अंतर चुकत नाही. सव्वीस मिनिटे. मी शेठना फोन केला. त्यांनी उचलला नाही. आलेखासह संदेश पाठवला. तो वाचल्याची खूण आली.

गुरुवारी दुपारी मी नाशिकला पडद्यासमोर बसून होते. चारनंतर ओळ आली: सातव्या पोर्टची जोडणी तुटली. दहा मिनिटे गेली, वीस गेली. एका आकड्यावर नजर ठेवून बसणे हे माझे शिक्षण आहे, पण त्या दिवशी आकडा नव्हताच. दुसरी ओळ आल्याशिवाय तो तयार होत नाही. सव्वीसच्या पुढे गेल्यावर मी काकांना फोन लावला. वाजत राहिला. मग मावशीला.

“आम्ही वट्यावर हाय. लय उग्र येतंय गं. लुगडं नाकाला लावून बसल्या समद्या.”

“काका?”

“नाय दिसला.”

“आत कोणी जाऊ नका. वारा कुठून आहे?”

“आमच्याकडून तिकडं.”

“मग तिथेच थांबा.”

शेठ पिंपळगावला होते. मुखवट्याची किल्ली टेबलात होती, टेबलाला कुलूप होते, आणि त्या कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात होती. हे त्यांनीच मला फोनवर सांगितले. मी अग्निशमनाला कळवले आणि पुन्हा मावशीला लावला. फोन चालू ठेवून ती कोणाला तरी हाका मारत होती. मग म्हणाली, “आला. रांगत आला गं. तोंडावर वला पंचा हाय. बोलत नाय, नुस्ता हात हलवतो.”

काकांनी बाहेर पडण्याआधी मागची मुख्य नळी बंद केली होती. तेवढ्यासाठी ते आत थांबले होते; व्हॉल्व्ह फिरवला तसा फिरतच राहिला, बसला नाही, असे त्यांनी नंतर दवाखान्यात मला पाटीवर लिहून दाखवले. कपाट फोडायचे का सुचले नाही, हेही मी विचारले. त्यांनी लिहिले: पूजेचे होते.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून अग्निशमनाची माणसे आली, स्वतःचे मुखवटे घेऊन. व्हॉल्व्ह बदलला गेला. थोडा बेदाणा काळा पडला, बराच वाचला. सातव्या पोर्टची दुसरी ओळ तिसऱ्या दिवशी उमटली. ते अंतर मी आलेखात मांडले नाही. मांडले असते तर बाकीचे सर्व बिंदू तळाशी चिकटून एक सपाट रेघ झाले असते.

दिवाळीनंतर काका कामावर परतले. आवाज वाळूवर पत्रा ओढल्यासारखा झाला होता. “बोलाय लय जोर लागतो ताई,” ते म्हणाले. “घरची म्हनती, बरं झालं.” मुखवट्याची किल्ली आता खिळ्याला आहे, कुंकू कोणी पुसलेले नाही. कारखान्यांच्या निरीक्षकांकडे मी अर्ज केला. त्याची पोच मिळाली. शेठनी संघटनेत माझे नाव काढले, आणि चांगले काढले. त्या रस्त्यावरच्या आणखी तीन कोल्ड स्टोरेजच्या नोंदी आता माझ्या सर्व्हरवर येतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सातव्या पोर्टची एकही ओळ नव्हती. मग दुसऱ्या सोमवारी दुपारी माझ्याकडे ओळ आली आणि तिकडे घंटी वाजली. मी लगेच फोन केला.

“नवा व्हॉल्व्ह हाय ताई,” तो घासलेला आवाज म्हणाला. “पन ऑइलबरुबर थोडा निघतोच. भोंगा वाजला तर बाया घाबरतात आता, पयल्यापरीस जास्त. शेठ म्हनले, तेवढ्यापुरती काढ.”

“काका, नका काढू.”

“चार मिन्टं, ताई.”

मी शेठना लिहिले, निरीक्षकांना पुन्हा लिहिले, आणि मावशीला सांगितले की मागच्या दाराशी पोते ठेवू देऊ नका. ती म्हणाली, पोती आलीत परत, पन अजून दोनच हायेत. नवा आलेख मी जुन्याशेजारीच, त्याच मापाने काढते आहे. सोमवार, १० नोव्हेंबर: चार मिनिटे. गुरुवारी चार. पुढच्या सोमवारीही चार. गुरुवार, २० नोव्हेंबर: पाच.